माग नको होता, तोच माग आयुष्य झाला: विणकर कलावंत ॲनी अल्बर्स यांची जीवनकथा

भिंतीवर टांगलेलं चित्र म्हणजे कला, आणि अंगावर पांघरलेलं कापड म्हणजे नुसतं काम, असा एक हिशेब जगभर चालत आला आहे. गोधडी शिवणारी आजी असो की घोंगडं विणणारा सणगर, त्यांच्या हातच्या वस्तूला आपणही कलाकृती म्हणत नाही. हा हिशेब ज्यांनी मोडून दाखवला त्यांच्यात ॲनी अल्बर्स यांचं नाव फार वरचं आहे. जन्म जर्मनीत, आयुष्य अमेरिकेत, आणि गुरू मानले ते पेरू देशातले शेकडो वर्षांपूर्वीचे विणकर, ज्यांची नावंही कोणाला माहीत नाहीत. गंमत म्हणजे मागावर बसायची ॲनी यांची स्वतःची अजिबात इच्छा नव्हती.

श्रीमंताघरची मुलगी

ॲनी यांचा जन्म 12 जून 1899 रोजी बर्लिन शहरात झाला. माहेरचं नाव आनेलीझे फ्लाइशमान. वडिलांचा फर्निचरचा धंदा होता. आई उलश्टाइन घराण्यातली. हे घराणं वर्तमानपत्रं आणि पुस्तकं छापणारं, जर्मनीतलं मोठं नाव. घर मूळचं ज्यू वंशाचं. पैशाला कमी नव्हती. इंग्रजी शिकवायला घरी बाई यायची, चित्रकला शिकवायला मास्तर यायचे.

मुलीला चित्रं काढायची ओढ होती. आईनं तिला त्या काळातले नामवंत चित्रकार ऑस्कर कोकोश्का यांच्याकडं नेलं. तिनं काढलेलं आईचं चित्र त्यांनी पाहिलं आणि ही मुलगी चित्रं काढतेच कशाला, अशा अर्थाचा प्रश्न केला. एवढ्या मोठ्या माणसाकडून असं ऐकल्यावर कोणीही खचलं असतं. ॲनी काही दिवस खचल्याही, पण कला सोडली नाही. पुढं हॅम्बुर्गच्या कलाशाळेत गेल्या. तिथं फुलापानांचं भरतकाम फार. दोन महिन्यांत त्यांनी ती शाळा सोडली.

घरच्यांना वाटत होतं की मुलीनं आईसारखा संसार करावा, पाहुणे-रावळे सांभाळावेत. ॲनी यांना ते नको होतं. अशातच एका नव्या शाळेचं पत्रक त्यांच्या हाती पडलं. शाळेचं नाव बाउहाउस.

नाइलाजानं हाती आलेला धागा

बाउहाउस ही शाळा वास्तुकार वाल्टर ग्रोपियस यांनी 1919 साली जर्मनीतल्या वायमार गावी काढली होती. कारागीर आणि कलावंत यांच्यातली भिंत पाडायची, रोजच्या वापराची खुर्ची, दिवा, कापड हे सगळं विचार करून घडवायचं, असा या शाळेचा बाणा. नुसतं पुस्तकी शिक्षण नाही, कारखान्यात हात काळे करत शिकायचं.

ॲनी यांना पहिल्या खेपेला प्रवेश मिळाला नाही. दुसऱ्या खेपेला, 1922 साली मिळाला. बापाघरचं ऐसपैस घर सोडून त्या वायमारमध्ये भाड्याच्या साध्या खोलीत राहू लागल्या.

शाळेनं स्त्री-पुरुष भेद करणार नाही असं सुरुवातीला जाहीर केलं होतं. प्रत्यक्षात मात्र मुली आल्या की त्यांना बहुधा एकाच खात्याकडं पाठवलं जायचं, ते म्हणजे विणकाम. ॲनी यांना काचकामाच्या विभागात जायचं होतं. तिथं जागा मिळाली नाही. शिवाय त्यांच्या पायांत एक आनुवंशिक दुखणं होतं, स्नायूंची ताकद कमी करणारं. चालायला त्रास व्हायचा. सुतारकाम, धातुकाम, शिडीवर चढून भिंती रंगवणं हे त्यांना झेपण्यासारखं नव्हतं. राहता राहिला माग. धाग्यांचं काम म्हणजे बायकांचं, मिळमिळीत काम, असं तेव्हा त्यांना स्वतःलाही वाटायचं. नाइलाज म्हणून त्या मागावर बसल्या.

बसल्या आणि हळूहळू मत बदललं. चित्रकाराच्या कागदावर कुठंही रेघ ओढता येते. मागावर तसं नाही. ताण्याचे उभे धागे आधी ठरलेले, बाण्याचा आडवा धागा त्यांच्या वरून नाहीतर खालूनच जाणार. हेच बंधन ॲनी यांना आधार वाटू लागलं. नेमानं चालणारं काम हाती आलं की मन थाऱ्यावर येतं आणि त्या नेमातूनच नवं सुचतं, हे त्यांना इथं उमगलं. पुढचं सगळं आयुष्य त्या याच वाटेनं गेल्या.

मागाची विद्या त्यांनी गुंटा श्टोल्झल यांच्याकडून उचलली. त्याही आधी शिकायलाच आलेल्या, वयानं थोड्याच मोठ्या होत्या. आकार आणि रंगांचं शिक्षण चित्रकार पॉल क्ले यांच्याकडून मिळालं. याच शाळेत जोसेफ अल्बर्स भेटले. ते कारागिराच्या घरातले, आधी प्राथमिक शाळेत मास्तर, ॲनींपेक्षा 11 वर्षांनी मोठे. 1925 साली दोघांनी बर्लिनमध्ये लग्न केलं. त्याच वर्षी शाळा डेसाऊ गावी हलली.

आवाज गिळणारं कापड

डेसाऊत ॲनी यांनी एक काम केलं, त्यानं त्यांचं नाव झालं. बर्लिनजवळच्या बर्नाऊ गावी कामगार संघटनांची एक मोठी शाळा बांधली जात होती. तिच्या सभागृहात आवाज घुमत होता. भिंतीला असं कापड हवं होतं की आवाज शोषला जाईल आणि खोलीही अंधारी वाटणार नाही.

ॲनी यांनी कापडाच्या दोन बाजूंना दोन कामं दिली. मागच्या बाजूला लवदार, मखमलीसारखा धागा घातला, तो आवाज धरून ठेवायचा. पुढच्या बाजूला सेलोफेन, म्हणजे चॉकलेटच्या वेष्टनासारखा चकचकीत पारदर्शक कागद, धाग्यासारखा विणला. त्यावरून उजेड परतायचा. सेलोफेन तेव्हा नवीनच होतं. त्याचं कापड विणायचं कोणाच्या डोक्यात सहसा येत नव्हतं. या कामावर 1930 साली त्यांना बाउहाउसची पदविका मिळाली. पुढच्याच वर्षी श्टोल्झल शाळा सोडून गेल्या, तेव्हा विणकाम विभागाचा कारभार काही काळ ॲनी यांनी पाहिला.

कापड दिसायला कसं आहे याच्या आधी ते काम काय करणार, हे विचारायची सवय त्यांना इथं लागली. पुढं अमेरिकेत एका विद्यापीठाच्या वसतिगृहासाठी पलंगपोस आणि पडदे करायचे होते, तेव्हाही पोरं कशी राहतात, डाग कसे पडतात याचा विचार करून त्यांनी नमुना ठरवला.

देश सुटला

1933 साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. बाउहाउस तोवर बर्लिनला हललं होतं. नाझी राजवटीला ही शाळा डोळ्यांत सलत होती. पोलिसांची धाड पडली, दबाव वाढला आणि शेवटी शिक्षकांनीच शाळा बंद केली. जोसेफ बेकार झाले. ॲनी ज्यू वंशाच्या. पुढं काय वाढून ठेवलंय याचा अंदाज येत होता.

त्याच सुमारास फिलिप जॉन्सन नावाचा तरुण अमेरिकन बर्लिनला आला होता. तो वास्तुकलेचा जाणकार. अल्बर्स पती-पत्नींच्या घरी चहाला आला तेव्हा त्यानं ॲनी यांची कापडं पाहिली. अमेरिकेत नव्यानं निघणाऱ्या एका कॉलेजला कलाशिक्षक हवा होता. जॉन्सननं यांचं नाव सुचवलं. नोव्हेंबर 1933 मध्ये दोघं बोटीनं न्यूयॉर्कला उतरले. जोसेफ यांना इंग्रजीचा गंध नव्हता. लहानपणी घरी शिकलेलं ॲनी यांचं इंग्रजी आता संसाराच्या कामी आलं.

शेतावरचं कॉलेज

नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या डोंगराळ भागात ब्लॅक माउंटन कॉलेज होतं. पैसा फार कमी. पोरं आणि मास्तर एकत्र जेवायचे, शेतात राबायचे, पुढं तर इमारतही त्यांनी स्वतःच्या हातानं उभी केली. ॲनी यांना इथं विणकामाचा विभाग शून्यातून उभारायचा होता. शिकवण्याची त्यांची रीत या अडचणीतूनच घडली.

पहिल्या दिवशी पोरांना मोठ्या मागावर बसवायचं नाही, हा त्यांचा नेम. उलट त्या सांगायच्या की आपण पेरूच्या वाळवंटात आहोत, हाताशी काहीच नाही, असं समजा. मग पहिली दोरी कशाची वळाल? पहिलं कापड कसं कराल? तिथून एकेक पायरी चढत पोरांनी विणकामाचा शोध जणू स्वतःच लावायचा.

विणायला त्या कमरेच्या मागापासून सुरुवात करायच्या. ताण्याचं एक टोक झाडाला नाहीतर खांबाला बांधायचं, दुसरं टोक पट्ट्यानं स्वतःच्या कमरेला. मागं रेललं की धागे ताणले जातात, पुढं झुकलं की सैल पडतात. चार काठ्या आणि दोरी एवढाच खर्च. नागालँड, मणिपूर, मिझोराम या आपल्या ईशान्येकडच्या राज्यांत बायका आजही असा माग चालवतात. पेरूच्या जुन्या विणकरांनी जगातली काही सर्वात अवघड कापडं याच मागावर विणली होती.

महागडा धागा नसला तरी त्यांचा वर्ग अडला नाही. मक्याचे दाणे, गवत, पिळलेला कागद, धातूचा कीस असं मिळेल ते पोरांनी कागदावर मांडायचं. कोणता पोत खरखरीत दिसतो, कोणता मऊ, हे आधी डोळ्यांनी आणि बोटांनी ओळखायचं. टाइपरायटरवर अक्षरं ठोकूनही कापडाचे नमुने करायला त्या लावायच्या. माणसाची बोटं मशीनमुळं आळसावली आहेत, स्पर्शाची अक्कल पुन्हा जागी करायला हवी, असं त्यांचं मत होतं.

पण म्हणून त्या यंत्राच्या वैरी नव्हत्या. हातमागानं गिरणीशी भावात बरोबरी करायला जाऊ नये, हातमागावर नवा नमुना शोधावा, पारखून घ्यावा आणि मग तो गिरणीला द्यावा, असं त्या मानायच्या. पुढं नावाजलेल्या कंपन्यांसाठी त्यांनी कापडाचे नमुने केलेही.

मेक्सिकोच्या वाटा

अमेरिकेतून मेक्सिको जवळ. 1935 साली ॲनी आणि जोसेफ पहिल्यांदा तिथं गेले आणि त्या देशाच्या प्रेमात पडले. पुढच्या तीसेक वर्षांत त्यांनी मेक्सिको आणि आसपासच्या देशांच्या डझनभराहून जास्त वाऱ्या केल्या. 1953 साली ते पेरू आणि चिलीलाही जाऊन आले. पायांचं दुखणं होतंच, तरी प्रवास थांबला नाही.

खेड्यांतून जाताना गाडीपाशी लहान पोरं यायची, शेतात सापडलेल्या जुन्या मातीच्या छोट्या मूर्ती विकायला. ॲनी आणि जोसेफ यांनी अशा मूर्ती, मडकी आणि कापडाचे तुकडे जमवले. ॲनी यांच्यासाठी ती हौस नव्हती, अभ्यास होता. जुनं कापड भिंगाखाली धरून त्या विणीचा माग काढायच्या. कोणता धागा कुठून आला, कुठं वळला, हे पाहून तशी वीण स्वतः करून बघायच्या.

एक गोष्ट त्यांना फार महत्त्वाची वाटली. पुराण्या पेरूमध्ये आपल्यासारखी लिपी नव्हती. हिशेब दोरीच्या गाठींवर ठेवला जायचा आणि कापडावरच्या खुणांना अर्थ होता. म्हणजे तिथं धागा हीच भाषा होती. याच काळात ॲनी यांनी जी विणलेली चित्रं केली त्यांतल्या एकाला प्राचीन लेखन असं नाव दिलं, तर दुसऱ्याला मेक्सिकोतल्या मोन्ते आल्बान या डोंगरावरच्या प्राचीन नगरीचं. मोन्ते आल्बानच्या कापडात जादा धागा पायऱ्या-पायऱ्यांनी चढत-उतरत जातो आणि देवळांच्या चौथऱ्यांची आठवण करून देतो.

त्याच मोन्ते आल्बानच्या थडग्यात सापडलेले दागिने त्यांनी पाहिले. सोन्याच्या जोडीला साधे शिंपले वापरलेले होते. ते पाहून त्यांच्या मनात आलं की मोल वस्तूला नसतं, मांडणीला असतं. कॉलेजवर परतल्यावर त्यांनी आपला विद्यार्थी अलेक्झांडर रीड याच्यासोबत बाजारातल्या वस्तूंचे दागिने केले. मोरीच्या जाळीचं पदक, त्याला कागद अडकवायच्या पिना लोंबत्या, वर साखळी. नटबोल्टचे वॉशर फितीत ओवून हार. लोक हसले असतील, पण न्यूयॉर्कमध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं.

आनंदाच्या या वाटेवर एक दुःखही होतं. 1939 साली ॲनी यांचे आई-वडील जर्मनीतून जीव वाचवून निघाले. त्यांची बोट मेक्सिकोच्या वेराक्रूझ बंदराला लागली. ॲनी आणि जोसेफ त्यांना उतरवून घ्यायला तिथं गेले होते. एकेकाळी बर्लिनमध्ये नोकरचाकर बाळगणारं हे घर आता अंगावरच्या कपड्यांनिशी परक्या देशात आलं होतं.

संग्रहालयाचं दार उघडलं

1949 साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं ॲनी अल्बर्स यांच्या कापडांचं प्रदर्शन भरवलं. आधुनिक कलेच्या या नामांकित संग्रहालयात एकट्या विणकराचं प्रदर्शन भरण्याची ही पहिलीच वेळ. नंतर हेच प्रदर्शन अमेरिका आणि कॅनडातल्या अनेक गावांत फिरलं. ज्या कामाला त्या स्वतः एकेकाळी मिळमिळीत समजत होत्या, ते काम आता चित्र-शिल्पाच्या शेजारी मानानं बसलं.

त्याच वर्षी दोघांनी ब्लॅक माउंटन सोडलं. 1950 पासून जोसेफ येल विद्यापीठात शिकवू लागले. कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनच्या घरी ॲनी यांनी माग मांडला आणि एकटीनं काम सुरू ठेवलं. या काळातली त्यांची कापडं अंगावर घ्यायची नव्हती, पडद्याची नव्हती. ती नुसती पाहायची होती, चित्रासारखी. ताण्या-बाण्यात एखादा जादा धागा हातानं गुंफत न्यायचा, मध्येच वळवायचा, गाठ मारायची. जणू मागावर लिहिलेली ओळ.

1965 साली विणकामावरचं त्यांचं मोठं पुस्तक निघालं. माग कसा आला, विणीचे प्रकार किती, स्पर्श म्हणजे काय, हे सगळं त्यांनी त्यात उलगडलं. पुस्तक अर्पण करताना त्यांनी कुठल्या प्राध्यापकाचं किंवा धनिकाचं नाव घातलं नाही. पेरूच्या प्राचीन विणकरांना गुरू म्हणून ते अर्पण केलं.

साठ लाख जिवांसाठी सहा पट्ट्या

याच सुमारास न्यूयॉर्कच्या ज्यू संग्रहालयानं त्यांच्याकडं एक काम दिलं. नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंच्या स्मरणार्थ काहीतरी करायचं होतं. हे काम त्यांच्या काळजाजवळचं होतं. वेळेवर देश सोडला नसता तर त्या संख्येत त्यांचंही नाव लागलं असतं.

ॲनी यांनी पुरुषभर उंचीच्या सहा अरुंद पट्ट्या विणल्या. दहा लाखांमागं एक. सुती, ताग्यासारखे खरखरीत आणि चंदेरी असे धागे. रंग करडे, काळे, तपकिरी, पांढरट. त्यांवरून एक धागा वेडावाकडा धावतो. वाचता न येणाऱ्या अक्षरांसारखा तो दिसतो. ना माणसाचं चित्र, ना रक्त, ना नाव. सहाही पट्ट्या शेजारी-शेजारी उभ्या, कोणीतरी गप्प उभं राहावं तशा. या कामाला त्यांनी सहा प्रार्थना असं नाव दिलं. 1966 साली ते पूर्ण झालं. त्यांच्या कामांत ते आज सर्वात जास्त ओळखलं जातं.

माग सोडला, काम नाही

1963 साली जोसेफ लॉस एंजेलिसच्या एका छापखान्यात कलाचित्रं छापायला गेले होते. ॲनी नुसत्या सोबत गेल्या होत्या. तिथल्या बाईंनी त्यांनाही हात चालवून पाहायला सांगितलं. ॲनी यांनी दगडावर गुंतलेल्या धाग्यांच्या रेषा काढल्या आणि त्यांना हा नवा मार्ग आवडून गेला. मागावर बसणं आता शरीराला जड जात होतं. शिवाय कागदावरच्या कामाला लोक लगेच कला म्हणतात, धाग्याच्या कामाला तेवढं म्हणत नाहीत, ही खंत त्यांच्या मनात होतीच. साठी ओलांडल्यावर त्यांनी नवी विद्या शिकून घेतली. सत्तरीच्या उंबरठ्यावर विणकाम थांबवलं आणि माग देऊन टाकला.

1976 साली जोसेफ गेले. त्यानंतर 18 वर्षं ॲनी एकट्या राहिल्या, छपाईचं काम करत राहिल्या. 9 मे 1994 रोजी कनेक्टिकटमधल्या ऑरेंज गावी त्यांचं निधन झालं. वय होतं 94.

2018 साली लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं. अल्बर्स दांपत्याच्या नावानं चालणाऱ्या संस्थेनं आफ्रिकेतल्या सेनेगल देशात सिंथियान नावाच्या खेड्यात एक केंद्र उभं करायला मदत केली. 2015 साली ते सुरू झालं. तिथं कलावंत येऊन राहतात, गावकरी जमतात, आणि केंद्राच्या छपरावरून पावसाचं पाणी टाक्यांत साठवलं जातं. केंद्राचं नाव थ्रेड, म्हणजे धागा.